मोठ्या कंपन्यांपुढे उमेदवार आमच्या छोट्या कंपनीकडे का वळतील?

तुम्ही लिहिलंय की कंपनी तीस जणांची आहे, नाव फारसं कुणाला माहीत नाही आणि पगारात मोठ्यांशी बरोबरी होत नाही. मी साधारण एवढ्याच आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं भरतीचं काम पाहिलं. वेगळं दिसण्यासाठी खर्च करण्याआधी जाहिरात आणि उत्तर द्यायचा वेग या दोन गोष्टी सुधारा.

आमच्या जुन्या जाहिरातीत ‘उत्साही टीम, उत्तम वातावरण, शिकण्याची संधी’ असं सगळं होतं. अर्ज ढिगाने यायचे, पण कामाचे मोजकेच. मग आम्ही खरं काम लिहायला लागलो: बिलिंगची जुनी सिस्टिम नव्या डेटाबेसवर न्यायची आहे, कोड दहा वर्षांचा आहे, टेस्ट जवळपास नाहीत, महिन्यातला एक आठवडा रात्रीचे फोन घ्यावे लागतील. अर्ज कमी झाले. पण आलेल्यांपैकी एकाने लिहिलं होतं, ‘असा गुंता सोडवायला मला आवडतं.’ आम्हाला हवा होता तो असाच माणूस.

अडचणी आधीच सांगितल्या तर लोक पळतील, ही भीती मलाही होती. जॉन वॅनस या अमेरिकी संशोधकाने १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही उमेदवारांना कामाची फक्त चांगली बाजू दाखवणारी फिल्म दाखवली, तर काहींना कंटाळवाण्या भागासकट. खरी बाजू पाहिलेल्यांच्या अपेक्षा वास्तवाला धरून राहिल्या आणि नोकरी सोडण्याचे विचारही त्यांच्या मनात कमी आले. तुमच्याकडे एक माणूस सहा महिन्यांत गेला तर तीस जणांच्या कंपनीला ते किती जड जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पगाराची रेंज जाहिरातीतच लिहा. आकडा मोठा नसला तरी लिहा. ज्यांना तो चालणार नाही त्यांचाही वेळ वाचतो. आणि ‘आधीचा पगार किती?’ हा प्रश्न बंद करा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात या दोन्ही गोष्टी आहेत: सुरुवातीचा पगार किंवा त्याची रेंज उमेदवाराला आधीच कळवायची आणि मागचा पगार विचारायचा नाही. कायद्याने सांगेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आता वेगाबद्दल, कारण इथे छोट्या कंपनीला मोठीपेक्षा पुढे जाता येतं. एका मुलीची मुलाखत उत्तम झाली होती. मॅनेजर रजेवर होता म्हणून आम्ही तीन आठवडे काहीच कळवलं नाही. ऑफर द्यायला मी फोन केला तेव्हा ती दुसरीकडे रुजू झाली होती. म्हणाली, ‘तुमच्याकडचं काम मला जास्त आवडलं होतं, पण तुम्ही विसरलात असंच वाटलं.’ ते मला फार लागलं. त्यानंतर आम्ही नियम केला: मुलाखत संपतानाच पुढच्या फोनची तारीख सांगायची आणि निर्णय झाला नसेल तरी त्या तारखेला फोन करायचाच. नकारही फोनवरच कळवायचा, निदान जे मुलाखतीपर्यंत आले त्यांना. नकार मिळालेल्या एका उमेदवाराने दोन वर्षांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा तो आमच्या कामाला पुरेपूर तयार झाला होता.

फेऱ्या दोन-तीनच ठेवा. घरी करायची असाइनमेंट द्यायचीच असेल तर दोन तासांत संपेल एवढीच द्या, मोठी असेल तर तिचे पैसे द्या. शेवटच्या फेरीनंतर उमेदवाराला ज्यांच्यासोबत काम करायचंय त्या दोघा-तिघांशी अर्धा तास बोलू द्या, मॅनेजर समोर नसताना. तुमचे लोक तिथे काय सांगतील याची धास्ती वाटत असेल, तर आधी त्यांच्या तक्रारी ऐका, भरतीची जाहिरात नंतर काढा.

ऑफर स्वीकारली की गप्प बसू नका. नोटीस पिरियडमध्ये माणसाला दुसऱ्या ऑफर येतच राहतात. दर पंधरा दिवसांनी त्याला फोन करायचं काम आम्ही त्याच्या होणाऱ्या टीम लीडला द्यायचो, एचआरला नाही. बोलणं कामाचंच असायचं: सध्या काय चाललंय, तू आलास की पहिल्या आठवड्यात काय बघायचंय, लॅपटॉप कोणता हवा.