दात येताना बाळ रात्रभर रडतं, हिरडीला जेल लावू का? आणि दाताचा ताप किती दिवस राहतो?

जेलचं नंतर सांगते, आधी तापाचं. तुम्ही लिहिलंय बाळ सात महिन्यांचं आहे, लाळ गळतेय, रात्री रडतं आणि घरचे म्हणतात दाताचा ताप आहे, उतरेल. दातांमुळे अंग जरा कोमट लागू शकतं, एवढंच. थर्मामीटरवर 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर आकडा आला की तो दातांचा नाही, दुसरं काहीतरी आहे आणि ते डॉक्टरांनी शोधायचं. जुलाबांचंही तेच, दातांनी जुलाब होत नाहीत.

माझी मुलगी साधारण तुमच्या बाळाएवढी होती. हाताला लागेल ते चावायची, दिवसाला चार चार लाळेरी बदलायला लागायची, त्यामुळे घरात ठरूनच गेलेलं की दात येतायत. एका दुपारी अंग एकदम तापलं, 102. सर्दी नाही, खोकला नाही, फक्त दूध प्यायला तोंड लावायची आणि सोडून द्यायची. मोठ्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, दाताचा ताप आहे, मी दोन वाढवलीत, मला सांगू नकोस. सासूबाईंचंही तेच. मी म्हटलं अहो हिरडी तरी बघा, सुजलेली नाही, लाल नाही, मी बोट फिरवून बघितलं काहीसुद्धा टोचत नाहीये. तर म्हणे आतून येत असतात, बाहेरून काय कळणार. आणि वर, पहिलटकरीण आहे, घाबरते. रात्री तापाचं औषध दिलं की उतरायचा आणि उतरला की सगळे म्हणायचे बघ, आणि काही तासांनी परत चढायचा तेव्हा मात्र मी एकटी जागी असायचे. सकाळी डायपर बराच वेळ कोरडाच होता, ते बघितल्यावर मी कुणाला विचारत बसले नाही, उचललं तिला आणि डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी कान बघितले, घसा बघितला, छाती तपासली, सगळं ठीक. मग लघवीची तपासणी करायला सांगितली आणि त्यात निघालं इन्फेक्शन. एवढ्या लहान बाळांना लघवीचं इन्फेक्शन झालं तर बऱ्याचदा ताप सोडून दुसरं काही दिसतच नाही, बाळ काय सांगणार जळजळतंय म्हणून. आणि अंगावर काढलं तर ते किडनीपर्यंत जातं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर ताप गेला, नंतर किडनीची सोनोग्राफी झाली ती पण चांगली आली. दात? तो त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी दिसला, खालचा, आणि एक अंश ताप न येता आला. तर जाऊबाई म्हणाल्या, बघ, मी तेव्हाच म्हटलं होतं ना दात येतायत.

याचं मला अजून वाईट वाटतं. दात काय, प्रत्येक बाळाला येणारच ना! दुधाचे 20 दात असतात, साधारण सहाव्या महिन्याला सुरुवात होते ते अडीच-तीन वर्षांपर्यंत एकामागून एक येतच राहतात. म्हणजे त्या दोन वर्षांत बाळ कधीही आजारी पडलं तरी कुठला ना कुठला दात वाटेवर असतोच, आणि दातावर ढकलणारा माणूस कधीच चुकत नाही. खरं कारण असं की याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कमी व्हायला लागते आणि याच वयात बाळ जमिनीवरचं सगळं उचलून तोंडात घालतं, म्हणून इन्फेक्शन वाढतात. लाळ तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच गळायला लागते, तेव्हा दाताचा पत्ता पण नसतो. 2000 साली अमेरिकेत 125 बाळांवर केलेला एक अभ्यास आला होता, त्यात चिडचिड, लाळ, चावणं हे दात बाहेर येण्याच्या 4 दिवस आधीपासून 3 दिवस नंतरपर्यंत वाढलेलं दिसलं, मोठा ताप मात्र दाताशी जोडता आला नाही. आणि हे खापर फोडणं जुनं आहे, इंग्लंडमध्ये 1839 साली 5000 हून जास्त मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून दात येणं असं लिहिलेलं आहे. ती बाळं कशाने गेली असतील कुणास ठाऊक.

आता जेल. लावू नका. सुन्न करणारी जी जेल असतात त्यात बेन्झोकेन असेल तर दोन वर्षांखालच्या बाळाला ते अजिबात नको, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होऊ शकते, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 2018 मध्ये स्पष्ट बजावलंय. लिडोकेन हे सुन्न करणारं दुसरं औषध, त्याबद्दल तर त्यांनी 2014 मध्येच सांगून झालंय, पोटात जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. आणि एवढं करून लाळेबरोबर ते वाहूनच जातं. आमच्याकडेही जाऊबाईंनी ट्यूब आणून दिली होती, मी ती उघडली नाही, त्यावरूनही बोलणी खाल्ली. दातांसाठी म्हणून मण्यांच्या माळा मिळतात त्यासुद्धा नकोत, गळ्याला फास बसू शकतो, मणी सुटला तर घशात अडकतो.

करायचं काय तर हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी जरा दाबून चोळा, बाळ स्वतःच बोट चावून धरेल. स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या, समोर बसून. टिदर, म्हणजे चावायचं खेळणं, भरीव रबराचा घ्या, आत पाणी भरलेला नको, आणि फ्रीजरमध्ये ठेवू नका, दगडासारखा झाला तर हिरडीलाच लागतो. हनुवटी सारखी पुसत राहा, लाळेने पुरळ येतं, झोपताना पेट्रोलियम जेली लावली तर बरं. फारच कळवळत असेल तर पॅरासिटामॉल, पण डोस वजनावर असतो, तो तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, शेजारच्या बाळाचा नको.

घरच्यांशी वाद घालू नका, मी घालून बघितलाय. सरळ त्यांच्यासमोर थर्मामीटर लावा, आकडा वाचून दाखवा आणि निघा.

हो, एक राहिलं. तुम्ही रात्रभर म्हणताय ना, दाताने किरकिर होते पण उचलून घेतलं, चावायला दिलं की बहुतेक वेळा बाळ शांत होतं. कशानेच थांबत नसेल, आडवं केलं की जास्त रडत असेल तर कान तपासून घ्या. आणि हे कुणी तीन महिन्यांखालच्या बाळासाठी वाचत असेल तर 100.4 दिसल्यावर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच्या तेव्हा जा.