दोन्ही नोकऱ्या नकोशा झाल्या, पण कारण एकच होतं का?

पत्र

मॅडम, मी २५ वर्षांची मेकॅनिकल इंजिनियर आहे. पहिली नोकरी एका डिझाइन ऑफिसात होती, ती चौदा महिन्यांत सोडली. दुसरी एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात आहे, तिला सव्वा वर्ष होत आलं. इथली माणसं चांगली आहेत, मी वेळेवर घरी येते, तरी रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. आता मशीन विकणाऱ्या एका कंपनीकडून सेल्स इंजिनियर म्हणून ऑफर आली आहे, पगार जवळजवळ दीडपट. दहा दिवसांत कळवायचं आहे. बाबा म्हणतात, "घे, आणि आता तरी टिक." आई म्हणते, "तुला काय हवंय हे तुझं तुलाच कळत नाही." ती खरंच बोलत असेल अशी भीती वाटते. योग्य नोकरी ओळखायची कशी? की खोट माझ्यातच आहे? एखादी कल-चाचणी देऊ का?

उत्तर

तुझं मूळ पत्र पाच पानांचं आहे, वर दिलाय तो त्याचा सारांश. मला जे सांगायचंय ते मात्र सारांशात न आलेल्या तिसऱ्या पानावरून सुचलं, म्हणून आधी ते पान.

पंपाच्या हाउसिंगची एक बॅच सारखी रिजेक्ट होत होती, बोअर, म्हणजे आतलं भोक, जागेवरून सरकत होतं. तुझं काम माप घ्यायचं, शिक्का मारायचा आणि नग बाजूला ठेवायचा, एवढंच. पण तू रिजेक्ट झालेले चाळीस नग ओळीने मांडून बसलीस आणि तुझ्या लक्षात आलं, की बोअर दर वेळी एकाच बाजूला सरकतंय. म्हणजे ऑपरेटरचा हात चुकत नव्हता, नग घट्ट धरून ठेवणारं फिक्स्चर चुकत होतं. उघडून पाहिलं तर नगाची जागा पक्की करणारी लोकेटिंग पिन झिजलेली. क्वालिटीचं काम इथे संपलं. पुढचं तुला कुणी सांगितलेलं नव्हतं. पिन झिजली की अख्खं फिक्स्चर न उतरवता नुसती पिन बदलता यावी, अशी नवी रचना तू तीन रात्री घरी बसून कागदावर काढलीस, टूलरूमकडून, म्हणजे अवजारं बनवणाऱ्या विभागाकडून, करवून घेतलीस, आणि पहिला नग निघाला तेव्हा तो मापायला स्वतः उभी राहिलीस.

पाच पानांत पगारावर चार ओळी आहेत, ऑफरवर सहा. या फिक्स्चरवर दीड पान आहे, पिनच्या मापासकट. शिवाय बाकीच्या पत्रात "वाटतं", "कदाचित", "माहीत नाही" हे शब्द जागोजागी आहेत, त्या दीड पानात एकदाही नाहीत.

आता तुझ्या दोन नोकऱ्यांकडे वळू. तू दोन्हींना एकाच रांगेत बसवलंयस: "दोन्हीकडे मन रमलं नाही." मला तसं दिसत नाही. पहिल्या नोकरीबद्दलच्या तुझ्या तक्रारी मी वेगळ्या काढल्या. साहेब चारचौघांत बोलायचे, तुझ्या ड्रॉइंगवर स्वतःचं नाव घालायचे, निघायच्या वेळेला नवं काम द्यायचे, सुट्टी मागितली की तोंड वाकडं करायचे. यात डिझाइनबद्दल एकही तक्रार नाही. दुसऱ्या नोकरीत बरोबर उलटं आहे. साहेब भले, वेळ ठरलेली, सहकारी जीव लावणारे, आणि तक्रार फक्त कामाची: "दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंना हो किंवा नाही म्हणायचं."

हा फरक फार जुन्या काळापासून अभ्यासला गेलाय. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनियर आणि अकाउंटंटना, कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी, असं विचारलं होतं. १९५९ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. वाईट प्रसंगांत लोक बहुधा वरिष्ठ, धोरणं, परिस्थिती यांच्याबद्दल बोलत होते आणि चांगल्या प्रसंगांत कामाबद्दलच: काहीतरी तडीस नेलं, कुणीतरी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. त्याच्या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले आणि त्यातले काही मला पटतात. पण एक गोष्ट मी इतक्या वर्षांच्या समुपदेशनात पुन्हा पुन्हा पाहिली आहे: जाच थांबला म्हणून गोडी लागत नाही. तू पहिल्या ठिकाणचा जाच संपवलास, ते योग्यच केलंस. पण जाच साहेबांचा होता आणि तू साहेबांबरोबर डिझाइनही सोडून आलीस.

हे मी जरा ठासून सांगते आहे, कारण माझ्याही बाबतीत हेच झालं. उमेदीच्या काळात मी एका संस्थेत शिकवत होते. तिथलं वातावरण असं होतं की दोन वर्षांत मी ठरवून टाकलं, शिकवणं आपला पिंड नाही. पुढची सहा वर्षं कागदपत्रांच्या कामात गेली. एकदा कुणाच्या तरी बदली म्हणून एक कार्यशाळा घ्यावी लागली, तेव्हा कळलं की मला शिकवणं नकोसं झालं नव्हतं, ती जागा नकोशी झाली होती. ती सहा वर्षं मला आजही हळहळायला लावतात. तुझी सव्वा वर्षंच गेली आहेत.

मग तुला डिझाइनकडेच परत पाठवायचं का? थांब, इतकं सरळ नाही. पहिल्या नोकरीतही एक उणीव होती, ती तू एका वाक्यात उरकली आहेस: "मी काढलेला एकही भाग मी कधी हातात घेतला नाही." मला ते वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन संशोधकांनी १९७० च्या दशकात कामातला अर्थ कशातून येतो याचे पाच घटक मांडले. कामात किती वेगवेगळी कौशल्यं लागतात, एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होते का, तिचा कुणाला उपयोग होतो का, ती कशी करायची हे ठरवायची मोकळीक किती, आणि ती जमली की नाही हे कामातूनच कळतं का. त्या फिक्स्चरच्या कामात गेलेले तुझे तीन आठवडे या पाचांवर ठेवून बघ. दोष तू शोधलास, उपाय तू काढलास, वस्तू तुझ्यासमोर घडली, आणि जमलं की नाही हे पहिल्याच नगाच्या मापाने सांगितलं. पाचही आहेत. रोजच्या तपासणीत यातलं एकच भरभक्कम आहे, ते म्हणजे उपयोग: चुकीचा पंप बाहेर जात नाही. डिझाइन ऑफिसात कौशल्यं होती, पण शेवट दिसत नव्हता आणि मोकळीकही नव्हती.

त्यामुळे "मला डिझाइन आवडतं" यापेक्षा नेमकं वाक्य असं होईल: मला अशी वस्तू रचायला आवडते, जी जवळपास कुठेतरी घडते आणि जिचा निकाल मला डोळ्यांनी बघता येतो. अशी कामं आहेत. जिग-फिक्स्चर डिझाइन, टूलरूम, प्रोसेस इंजिनियरिंग, छोट्या यंत्रांची जुळणी आणि चाचणी करणारे विभाग. पदाचं नाव दर ठिकाणी वेगळं असतं, म्हणून नावावर जाऊ नकोस. दोन कंपन्यांतल्या "डिझाइन इंजिनियर"चे दिवस एकमेकांशी जराही न जुळणारे असू शकतात.

एक सावधगिरी मात्र घे. तीन आठवडे हा पुरावा म्हणून थोडका आहे. नवेपणाचाही आनंद असतो, आणि कुणी न सांगता केलेल्या कामाला एक वेगळी चव असते. तेच काम रोज, मुदतीच्या दडपणाखाली करावं लागलं तर तितकंच आवडेल का, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही. ते पडताळायला हवं.

कल-चाचणीचं विचारलंस. आज प्रचलित असलेल्या बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाची १९५९ पासूनची मांडणी आहे, माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार. ज्याने अजून कुठेच काम केलेलं नाही त्याला दिशा मिळायला चाचणी बरी. पण चाचणीतला कल आणि नोकरीतलं समाधान यांची सांगड संशोधनात अपेक्षेपेक्षा बरीच सैल निघाली आहे. तुझ्याकडे जवळजवळ अडीच वर्षांचा अनुभव आहे. तो वाचणं जास्त कामाचं.

आता ऑफर. सेल्सचं काम हलकं नाही. यंत्र विकणाऱ्या चांगल्या इंजिनियरला गिऱ्हाइकाच्या शॉपफ्लोअरवर, प्रत्यक्ष यंत्रांपाशी, उभं राहून त्याची अडचण समजून घ्यावी लागते, आणि तुझी ती चाळीस नग मांडून बसायची सवय तिथेही चालेल. पण ती नोकरी खरोखर तशी आहे, की दिवसभर फोन, कोटेशन आणि महिन्याचं टार्गेट आहे, हे ऑफर लेटरवरून कळत नाही. कल्पना करूनही कळत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही तरुणींना एका अनोळखी तरुणाशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या होत्या, आणि त्या किती आवडतील याचा अंदाज आधीच सांगायचा होता. काहींना त्याचा फोटो आणि माहिती दिली. काहींना एवढंच सांगितलं, की आधीच्या एका मुलीला त्या गप्पा किती आवडल्या. दुसऱ्या गटाचा अंदाज जास्त बरोबर आला. गंमत म्हणजे फोटो आणि माहितीच जास्त उपयोगी पडेल, असं बहुतेकींना वाटत होतं. ऑफर लेटर म्हणजे फोटो आणि माहिती. तुला त्या खुर्चीत बसलेलं माणूस गाठायला हवं.

त्या कंपनीला सरळ विचार, की याच पदावरच्या दोघांशी मला बोलायचं आहे. नकार आला तर तोही लिहून ठेव. भेट झाली की "काम कसं आहे?" असं विचारू नकोस, "चांगलं आहे" हेच उत्तर मिळेल. विचार, की परवा सकाळी दहा ते एक तुम्ही काय केलंत? गेल्या महिन्यात किती दिवस कारखान्यात होतात आणि किती दिवस टेबलावर? यंत्र विकल्यावर ते चालू झालेलं बघायला तुम्ही जाता का? शेवटचं विसरू नकोस, तुझ्यासाठी तेच निर्णायक आहे. टार्गेट कोण ठरवतं आणि कसं गाठायचं हे कोण ठरवतं, तेही विचार. रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्ये दाखवलं होतं, की मागण्या भरपूर आणि निर्णयाचा अधिकार कमी, अशा नोकरीत माणूस सगळ्यात जास्त खचतो. नुसतं कष्टाचं काम तितकं खचवत नाही.

पगाराबद्दल मी मोठेपणाने बोलणार नाही. कर्ज असेल, घर तुझ्या पगारावर चालत असेल, तर पैसा ही पहिली अट, बाकी सगळं त्यानंतर. तू लिहिलंयस की आत्ताचा पगार पुरतो. तसं असेल तर एक गोष्ट लक्षात असू दे. २०१० मध्ये टिमथी जज हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पगार आणि नोकरीतलं समाधान यावरचे बरेच अभ्यास एकत्र केले, तेव्हा दोन्हींमधला सहसंबंध फक्त ०.१५ च्या आसपास निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). म्हणजे कुणाचा पगार कळला, म्हणून तो कामावर किती सुखी आहे ते फारसं कळत नाही. दीडपट पगाराचा आनंद होईल, नक्की होईल. पण रविवार संध्याकाळचा गोळा त्याने जाईल, असं मला वाटत नाही.

दहा दिवसांत आणखी एक कर. आत्ताच्या साहेबांशी बोल. तू त्यांना भला माणूस म्हणतेस, आणि ते फिक्स्चर त्यांच्याच विभागातून गेलंय. त्यांना सांग, की महिन्यातले काही दिवस मला टूलरूमबरोबर रिजेक्शनच्या मुळाशी जाण्याचं काम द्या. आहे त्या नोकरीतली कामं थोडी इकडेतिकडे करून ती आपल्या अंगाची करून घेता येते. एमी झेस्नेव्हस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये यावर लिहिलं, त्यात रुग्णालयातले सफाई कर्मचारीसुद्धा हे करतात असं दाखवलं होतं. साहेब हो म्हणाले, तर तीन-चार महिने काम करून बघता येईल आणि मघाशी म्हटलेली पडताळणीही होईल. नाही म्हणाले, तर दुसरीकडे टूल डिझाइनची जागा शोधताना दाखवायला ते फिक्स्चर आहेच. त्याची ड्रॉइंग्ज कंपनीची आहेत, ती बाहेर नेऊ नकोस. पण काय अडचण होती आणि तू कसा विचार केलास, हे मुलाखतीत सांगता येतं.

विकणाऱ्या कंपनीतल्या दोघांशी बोलून तुला वाटलं, की त्यांचा दिवस तुझ्या त्या तीन आठवड्यांसारखा आहे, तर ती ऑफर बिनघोर घे. मी तिच्या विरोधात नाही. मी फक्त तुला नुसता पगार बघून, किंवा "आता तरी टिक" हे ऐकून, ती घेऊ देणार नाही.

आणि आई-बाबा. बाबांना तुझी काळजी आहे, बायोडेटावर तिसरी नोकरी दिसेल ही. ती अनाठायी नाही. त्यांना "मला आवडत नाही" असं सांगितलंस, तर ते घाबरणारच. त्याऐवजी ते दीड पान वाचून दाखव. आईचं म्हणणं अर्धं खरं आहे. फ्रँक पार्सन्स याने १९०८ मध्ये बोस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय सुरू केलं, तेव्हाच सांगितलं होतं की स्वतःला ओळखणं, कामं ओळखणं आणि दोन्हींचा मेळ घालणं ही तीन वेगळी कामं आहेत. तुझं पहिलं बऱ्यापैकी झालंय, आईला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. दुसरं राहिलंय. दोन्ही नोकऱ्या तू आत काय चालतं ते न विचारता घेतल्यास. तुझ्या वयाचे बहुतेक जण तशाच घेतात, त्यात खोट कसली?

दहा दिवस कमी पडले तर कंपनीकडे आणखी आठवडाभर मागून घे. विचारण्यात काही गैर नाही.

जाता जाता एक विचारायचं राहिलं. नवी पिन साधारण किती नगांनंतर बदलावी लागते, याची नोंद कोणी ठेवतंय का? तू ठेवत असशील, तर पुढच्या पत्रात तो आकडा लिही.