वय ५४. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (ट्रेडमिलवर पळवत काढलेला ईसीजी) सगळं नॉर्मल. जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन निर्धास्त पळू का?

पळा, पण 'निर्धास्त' तेवढं काढून टाका. मी डॉक्टर नाही. ५९ वर्षांचा, साताऱ्यात बारा वर्षं पळणारा आणि हृदयात एक स्टेंट असलेला माणूस आहे. तुमच्या हातात आहेत ते तिन्ही रिपोर्ट एके काळी माझ्याही हातात होते. नॉर्मलच.

पस्तिशीच्या आतला खेळाडू मैदानात कोसळतो तेव्हा कारण बरेचदा जन्मजात किंवा आनुवंशिक असतं: जाड झालेला हृदयाचा स्नायू, भलत्याच जागेवरून निघालेली धमनी, ठोक्यांच्या विजेतला बिघाड. यातलं बरंचसं ईसीजी आणि इकोत सापडू शकतं. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. आपल्या वयात मात्र मुख्य दुखणं वेगळं, हृदयाच्या धमन्यांत साचलेला चरबीचा थर. धमनी साधारण ७० टक्के अरुंद झाली की टीएमटीत तो दिसू लागतो, पण अटॅक पुष्कळदा त्याहून लहान थर फाटून, त्यावर गुठळी बसून येतो. म्हणजे टीएमटी खोटं बोलत नाही, आपणच तिला भलतं विचारतो.

आता माझं. शनिवारी यवतेश्वरचा घाट ठरलेला. एका पावसाळ्यात ठरावीक वळणावर मला चालावं लागायला लागलं. घशाशी जळजळ, डाव्या जबड्यात ओढ. थांबलो की दोन मिनिटांत गायब. मी पित्ताची गोळी घ्यायचो आणि मिसळीला शिव्या द्यायचो. ग्रुपमधली पोरं म्हणायची, "काका, वय झालं!" मीही हसायचो. असे दोन महिने गेले. शेवटी बायको ओढत फॅमिली डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी घाटाचं वर्णन ऐकलं आणि लगेच हार्टवाल्यांकडे धाडलं. अँजिओग्राफीत एका धमनीत ९० टक्के अडथळा निघाला. वडील ५१व्या वर्षी अटॅकनेच गेले होते, आणि आदल्या वर्षीच्या टीएमटीच्या फॉर्मवर मी ते लिहिलंही नव्हतं. रोज पळणाऱ्याला काय होतंय, हा माज.

या माजाचं जुनं उदाहरण म्हणजे जिम फिक्स. सत्तरच्या दशकात अमेरिकेला पळायचं वेड लावणाऱ्यांपैकी एक. वडिलांना ३५व्या वर्षी पहिला अटॅक, ४३व्या वर्षी मृत्यू. स्वतः १९८४ मध्ये व्हरमाँटमध्ये पळतानाच गेले, वय ५२. काही महिने आधी डॉ. केनेथ कूपर यांनी सुचवलेली स्ट्रेस टेस्ट, म्हणजे आपली टीएमटीच, त्यांनी टाळली होती.

घाबरवत नाहीये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्या. धोका लहानच आहे. फक्त त्या ५९ पैकी ५१ पुरुष होते, हे लक्षात असू द्या.

म्हणून कार्डिओलॉजिस्टला घरातला इतिहास आणि जुनी सिगारेट, सगळं सांगा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघाच, लायपोप्रोटीन-ए (रक्तातला, बहुतांशी आनुवंशिक, कोलेस्टेरॉलचा एक प्रकार) एकदा तपासा, आणि कॅल्शियम स्कोअरचा सीटी (धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन) तुम्हाला हवा का ते विचारा. (वर्षानुवर्षं पळणाऱ्या पुरुषांत हा स्कोअर थोडा जास्त येऊ शकतो, त्यामुळे आकडा बघून झोप उडवून घेऊ नका.) टीएमटी पुन्हा केलीत तर दमेपर्यंत पळवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी वयाच्या हिशोबाने ८५ टक्के ठोके झाले की मशीन बंद करतात, आणि आपल्यासारख्याला तेवढ्यात घामही फुटत नाही.

नेहमीचा चढ नेहमीच्या वेगात जड जायला लागला, तर मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट पाहू नका. ताप येऊन गेला असेल त्या आठवड्यात पळू नका. शेवटच्या किलोमीटरला फोटोसाठी सुसाट सुटू नका. घरातल्या एकाला तरी सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) शिकवा; माझ्याकडे सुनेने शिकून घेतलंय.

मुंबईत परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. तिथे छातीत, घशात, जबड्यात काही वेगळं वाटलं तर रेटू नका. थांबा, आणि समोर दिसेल त्या व्हॉलंटियरला हाक मारा.