यादी घरी ठेवून ये

प्रिय मैत्रिणीच्या लेकीस,

तुझा मेसेज रात्री साडेअकराचा, मी वाचला पहाटे चहा टाकताना. दोन वर्षांत 47 ट्रेक, आणि गेल्या रविवारी नेरळजवळच्या पेब किल्ल्याच्या खिंडीखाली धुक्यात पाऊण तास तिथल्या तिथेच घुटमळलात. शेवटी रानभाजीची पाटी घेऊन उतरणाऱ्या एका ताईंच्या मागोमाग नेरळ गाठलंत. सोबतच्या दोघी तुझ्या भरवशावर आलेल्या. 'मावशी, हा किल्ला मी आधी केलाय. तरी वाट कळली नाही. मग ते 47 काय होते?'

पाठी होत्या, बाई. सत्तेचाळीस पाठी.

लीडरच्या मागे रांगेत सहाव्या नंबरला चालणाऱ्याला पुढच्याची सॅक दिसते, तिला लटकणारी बाटली दिसते आणि स्वतःचे बूट दिसतात. वाट दिसते ती पहिल्याला. तू पेब कसा केलास तेही तुझ्याच फोटोंवरून कळलं. नेरळहून विजेच्या मनोऱ्यांखालून चढलात, खिंड, कातळटप्पा, गुहा, माथ्यावरच्या पादुका, मग पलीकडची शिडी उतरून माथेरानच्या रुळांवर, रुळांवरून दस्तुरीचा गाडीतळ आणि तिथून टॅक्सीने खाली. बहुतेक गट असंच करतात, कारण एका दिवसात किल्ला, शिडी आणि रेल्वे असं तिन्ही दाखवता येतं. पण नेरळची वाट उतरताना कशी दिसते, हे तू जन्मात पाहिलेलं नव्हतंस. चढताना जो फाटा नजरेतही भरत नाही, तोच उतरताना समोर हमरस्त्यासारखा उघडतो. या वेळी धुकं बघून शिडीऐवजी आल्या वाटेने परतायचं ठरवलंस, तो निर्णय शंभर टक्के बरोबर. फक्त ती 'आली वाट' तुला माहीत नव्हती.

तेव्हा माझं म्हणणं एकच, आणि ते मी या पत्रात तुला वीट येईपर्यंत सांगणार आहे: तोच डोंगर परत. अठ्ठेचाळिसावा नको. पेबच परत.

'वाट वाचायला कुठे शिकवतात?' असंही विचारलंयस. कुठेही नाही. पण दोन गोष्टी सांगते, त्यावरून बघ जमतं का. तुम्ही चुकलात ती ढोरवाट होती. गुरं जिथून खाली मान घालून जातात, तिथे आपल्याला वाकावं लागतं. वाटेवर दोनदा-तीनदा फांदी तोंडावर आली की थांबायचं. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीची फांदी कोयत्याने छाटलेली असते, डोक्यावर मोळी घेऊन जायचं असतं ना त्यांना! छाट जुनी असेल तर टोक काळं पडलेलं, नवी असेल तर पिवळं. ढोरवाट फुटत जाते, एकीच्या चार होतात आणि चारही गवतात विरतात. माणसांची वाट कुठेतरी पोचायलाच निघालेली असते. दुसरी गोष्ट, चढताना दर फाट्यावर मागे वळून बघ. उभी राहून, श्वास घेऊन, नीट. कोणता दगड, कोणतं झाड, मनोरा कोणत्या हाताला. फोटो नको काढूस, फोटो काढला की डोळे विसरायला मोकळे.

आणि पावसात जायचं तर त्याआधी वैशाखात जाऊन ये. हे कोणी सांगत नाही, कारण वैशाखात कोणी येत नाही. कारवीची झुडपं निष्पर्ण, गवत जळालेलं, डोंगराची हाडं न् हाडं उघडी. पायथ्याला बसलं तर घळ कुठे, डोंगराची धार कुठे, वाट कुठून वळते, सगळं नकाशासारखं समोर असतं. सहाला चढायला लाग, नऊच्या आत खिंडीच्या सावलीत बस, करवंदं खा आणि परत ये. माथा गाठला नाहीस तरी चालेल. आषाढात हाच डोंगर हिरवी चादर ओढून बसतो आणि तुम्ही त्या चादरीवर वाट शोधता. चादरीखाली काय आहे ते आधी बघितलेलं नको?

आता माझं सांगते. सांगावंच लागेल, कारण तुझ्या प्रश्नातला 'आधी केलाय' हा शब्द माझा आहे.

1994 चा श्रावण. ऑफिसातल्या चौघींना घेऊन मी पेबला गेले. 'केलाय मी', असंच म्हणाले होते. खिंडीच्या जरा खाली डावीउजवी झाली आणि मी ठाम पावलांनी सगळ्यांना ढोरवाटेने एका घळीत उतरवलं. ठाम पावलं फार वाईट, मागचे विचारतच नाहीत. शेवाळलेल्या कातळावरून एकीचा पाय सटकला, गुडघ्यातून पीळ बसला. अंधार झाला. रात्रभर एका दगडाच्या आडोशाला चौघींनी एकच प्लास्टिकचा कागद ओढून घेतला होता. सकाळी वाडीतले दोघे गुरं घेऊन आले आणि तिला पाठीवर घेऊन उतरले. त्यांना आमची हाक रात्रीच ऐकू आली होती, पण त्या घळीत रात्री उतरू नये हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

ती म्हणजे तुझी आई. जिना उतरताना ती कठडा धरते ना, तो तेव्हापासून. तुझ्या आजीला सांगितलं होतं, ऑफिसच्या जिन्यावरून पडली. हे लिहिण्याआधी तिला फोन करून विचारलं. हसली आणि म्हणाली, 'लिही. आणि तुझे बूटही फाटके होते, तेही लिही.' होते फाटके. पण मी तिला दोनदा बजावलं होतं की सँडल घालून येऊ नकोस. असो, तीस वर्षांत हा वाद मिटलेला नाही.

तुला वाटेल, त्यानंतर मावशी शहाणी झाली. कसली! त्यानंतर मी पेबचं नावच टाकलं. लाजेवर पांघरूण म्हणून नवनवे किल्ले घेत सुटले. डायरी केली, नंबर घातले, तुझ्या त्या एक्सेलमधल्या ट्रेकच्या यादीची आजीच म्हण. दर रविवारी नवा, जुन्याला परत जाणं म्हणजे रविवार वाया. शंभरावा झाला तेव्हा पेढे वाटले. तुझ्या आईने पेढा घेतला आणि विचारलं, 'पेबला गेलीस का गं?' मी विषय बदलला.

2008 च्या भाद्रपदात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. एका जुन्या सोबतिणीचा फोन आला, 'सगळा उतार जांभळा झालाय, ये.' मला साताऱ्याकडचे दोन किल्ले करायचे होते, नंबर 131 आणि 132. म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी 133 होता. तुला माहीत असेल-नसेल, तिथली ही कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. एका टापूतली सगळी झुडपं एकदमच. फुलून गेली की पुन्हा आठ वर्षं बस. मी 2016 पर्यंत बसले. 131 आणि 132 ही नावं आज डायरी उघडल्याशिवाय सांगता येत नाहीत मला. एका किल्ल्यावर बहुतेक पाण्याचं टाकं होतं.

2016 ला त्याच उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरला पाहिली, 2024 ला पुन्हा. मधल्या वर्षांतल्या मुक्या, खरखरीत पानांच्या कारवीतून शंभरदा गेलेल्या माणसालाच ते जांभळं काय आहे ते कळतं. ज्यांनी फक्त फुलं पाहिली, त्यांनी बाग पाहिली. हे मी जरा तोऱ्यात लिहितेय, कळतंय मला. राहू दे.

पेबला परत गेले 2009 च्या माघात, एकटी. तीच घळ वरून पाहिली. हसू आलं, मग रडू आलं, मग डबा खाल्ला. तेव्हापासून जमेल त्या महिन्यात पेब. 2019 च्या पावसाळ्यानंतर गेले तर छोट्या गाडीचे रूळ एके ठिकाणी हवेत लोंबत होते, खालची मातीच गेलेली. 2005 च्या पुरातही असंच झालं होतं, तेव्हा दोन वर्षं गेली होती. या खेपेला नेरळ ते माथेरान गाडी पुन्हा धावायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. 1907 पासूनची ती दोन फुटी रुळांची वाट डोंगर दर थोड्या वर्षांनी मोडतो आणि लोक पुन्हा बांधतात. एकदाच गेलेल्याला तिथे सेल्फीपुरते रूळ दिसतात.

लोक म्हणतात, वयानं मावशी पेबवरच आली. तुझे काका म्हणतात, 'घाबरते, नव्या ठिकाणी जात नाही.' घाबरतेच. मग? हिमालय पाहिला नाही, हरिहरच्या पायऱ्यांवर रांगेत उभी राहिले नाही, कलावंतिणीवर झेंडा नाचवला नाही. माझं काय अडलं? कदाचित अडलंही असेल. कधी कधी रात्री वाटतं की पेब पेब करत मी एक मोठा आळस सजवला. पण मग रविवारी पहाटे कर्जत लोकलच्या दारात वांगणी गेलं की उजव्या हाताला ती रांग दिसायला लागते आणि तो विचार वांगणीलाच उतरतो.

तुझ्या यादीत एक ओळ आहे: 'इर्शाळगड, जानेवारी 2022.' इर्शाळवाडीत चहा घेतला असशील. कुणाच्या घरी? 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर त्या वाडीवर आला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचेनात, लोक त्या चिखलातल्या पायवाटेने चढले. मी दोनदाच गेले होते इर्शाळला. दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर बसून मी तो ओटा आठवायचा प्रयत्न करत होते जिथे आम्ही पोहे खाल्ले. ओटा आठवेना. माणसं तर नाहीच. यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

गट सोडून दे असं मी म्हणत नाही. रविवारचा गट, गाणी, वडापाव, जा खुशाल. तुझ्या वयात मीही हेच केलं आणि मजा केली. पण गटात असलीस तर कधीतरी लीडरला सांगून पहिल्या नंबरला चाल, आणि कधी सगळ्यात मागे. मधे नको. मधे फक्त गप्पा असतात. आणि त्या ॲपवरची निळी रेघ. ती मोबाइलमध्ये असू दे, पण खिशात. पेबच्या घळीजवळ जीपीएस जरा जरी हललं तरी तुझा ठिपका वाट सोडून पलीकडे दिसतो, आणि माणूस डोळ्यांपेक्षा ठिपक्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आता ठरलेलं सांगते, नाही म्हणायचं नाही. गवत पिवळं पडायला लागलं की, म्हणजे दिवाळी झाल्यावरचा दुसरा रविवार. पहिली कर्जत लोकल, मागून दुसरा डबा. पाणी तीन लिटर, लिंबू, मीठ-साखर, टॉर्च. शिडी नाही, रूळ नाहीत, टॅक्सी नाही. नेरळहून चढायचं आणि नेरळलाच उतरायचं. आईला खिंडीपर्यंत आणायचं माझ्या मनात आहे. तिला अजून विचारलेलं नाही, तू विचार, माझं ऐकायची नाही. बूट मात्र तूच बघून घे तिचे.

तू पुढे चालायचंस. मी तुझ्या मागे, माझ्या मागे तुझी आई. फाट्यावर माझ्याकडे बघितलंस तर मी चणे खात असेन.

तुझी,
मावशी