तीन मिनिटांची गोष्ट, सहा आठवड्यांची मुदत

प्रश्न : पूर्णवेळ थ्रीडी अ‍ॅनिमेशन कोर्सचे शेवटचे ६ आठवडे आम्हाला स्वतःच्या फिल्मसाठी मिळतात. माझी गोष्ट ३ मिनिटांची आहे : आजी, नात, बैल आणि धो धो पाऊस. सॉफ्टवेअर ब्लेंडर. सर म्हणतात, निम्म्याहून कमी कर. खरंच एवढी कापावी लागेल का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : निम्म्यानेही भागणार नाही. आठवड्याचे ६ दिवस धरले तर हाती ३६ दिवस. स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिकला (तीच चित्रं वेळेनुसार लावून केलेला कच्चा व्हिडिओ) ३, मॉडेल, रिग (पात्र हलवणारा हाडांचा सांगाडा) व टेक्स्चरला (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) ७, लायटिंगला ३, रेंडरला (अंतिम फ्रेम काढायला) ५, आवाज आणि जोडणीला ३. उरले १५. नवख्या हाताने दिवसाला एका पात्राचे २-३ सेकंद नीट उरकले तरी पुष्कळ. म्हणजे फिल्म ३० ते ४५ सेकंदांची. तेवढ्यात न मावणारे प्रसंग अ‍ॅनिमॅटिकमध्येच काढा. मॉडेल झाल्यावर काढायला जीव होत नाही.

आधी बैल काढा. चार पायांची चाल बसवण्यातच आठवडा जाईल. पडद्याबाहेरून घुंगरमाळ वाजली की बैल आलाच. नातही नुसती हाकेपुरती ठेवता आली तर पाहा. आजीच्या नऊवारीसाठी क्लॉथ सिम्युलेशनच्या (कापडाची हालचाल संगणकाकडून काढून घेण्याच्या) वाटेला जाऊ नका, बसता-उठता कापड अंगात घुसतं. लुगडं अंगासरशी मॉडेल करा आणि पदराला ३-४ हाडांची साखळी द्या. केसांचा अंबाडा म्हणजे एक घट्ट गोळा, त्याला पार्टिकल केस (एकेक सुटा केस) कशाला? पाऊस पातळ रेघांचा, वेगळ्या लेयरवर रेंडर करून नंतर चढवा. ओली जमीन तर रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) उतरवून, वर थोडी डबकी दाखवूनही पटते.

रिगिंगआधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा. स्केलचे आकडे १ वर नसतील तर पुढे हाडं आणि मॉडिफायर (मॉडेलचा आकार बदलणारी साधनं) वेडंवाकडं वागतात, आणि दोष वेट पेंटचा (कोणतं हाड कुठला भाग किती ओढतं, ते रंगवण्याचा) समजून दिवस वाया जातो. कोपर-गुडघ्याला किमान ३ एज लूप (अंगाभोवती फिरणाऱ्या रेषांची कडी) हवेत. एकच असेल तर वाकवताना सांधा चिमटल्यासारखा दबतो. ऑटोमॅटिक वेट्स (हीच वाटणी आपोआप करणारी सोय) 'बोन हीट'ची तक्रार करून थांबले तर बहुधा एकावर एक बसलेले व्हर्टेक्स (मॉडेलचे बिंदू) असतात. 'मर्ज बाय डिस्टन्स' करून पुन्हा प्रयत्न करा.

प्रश्न : ४५ सेकंदांची फिल्म आहे. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये एका फ्रेमला ४ मिनिटं लागतात, आणि लॅबमध्ये रात्री लाइट जाते. रेंडर कसं उरकावं?
– दोन मित्र, नाशिक

उत्तर : २४ फ्रेमच्या हिशेबाने १०८० फ्रेम, म्हणजे एका मशीनवर सलग ७२ तास. थेट एमपी-फोर काढू नका. मध्येच लाइट गेली की अर्धवट फाइल सहसा उघडत नाही. पीएनजी फ्रेम काढल्या तर चालू फ्रेमच तेवढी जाते.

लॅबच्या ४ सारख्या मशीन वापरता आल्या तर काम साधारण १८ तासांचं. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद, 'प्लेसहोल्डर्स' चालू, आणि सगळ्यांचं फोल्डर एकच. मग जी फ्रेम कोणी घेतलेली नाही तीच पुढची मशीन उचलते. एक मेख आहे : मशीन बंद पडली की तिच्या फ्रेमची रिकामी फाइल मागे राहते आणि ती फ्रेम झाली असं समजून बाकीच्या पुढे जातात. म्हणून सकाळी फाइली आकाराप्रमाणे लावा, शून्य बाइटच्या उडवा, पुन्हा रेंडर लावा. ब्लेंडरची आवृत्ती सगळीकडे एकच हवी. टेक्स्चर फाइलमध्ये पॅक करा, नाहीतर आजी गुलाबी दिसेल. सिम्युलेशन असेल तर आधी बेक करा (हालचालीचा हिशेब साठवून ठेवा). प्रत्येक मशीनवर जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) निवडलेला आहे ना, तेही बघा; बरेचदा ती सीपीयूवरच घासत बसलेली असते.

१२८ सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी घेतलेले प्रकाशाचे नमुने) आणि डीनॉइझवर (दाणेदारपणा पुसणं) बहुतेक शॉट निघतात. मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात डाग फ्रेमगणिक वळवळतात, आणि एकच फ्रेम पाहून ते कळत नाही. तिथे सॅम्पल वाढवण्याआधी थोडा उजेड वाढवा. मोठ्या रेंडरआधी फ्रेम स्टेप २० ठेवून (दर विसावी फ्रेम) ५४ फ्रेम काढा. गायब झालेला दिवा किंवा लपवायची राहिलेली वस्तू त्यातच सापडते. वळवळ तपासायला मात्र अंधाऱ्या शॉटच्या सलग १० फ्रेम काढा.

प्रश्न : ब्लॉकिंग (फक्त मुख्य पोझची पहिली मांडणी) छान दिसतं, पण बेझिअर केलं (पोझमधल्या हालचाली संगणकाकडून गुळगुळीत जोडून घेतल्या) की पात्र पाण्यात तरंगल्यासारखं हलतं.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : की-फ्रेम (पोझ नोंदवलेल्या फ्रेम) कमी आहेत. ८ फ्रेमपेक्षा मोठी दरी राहिली की संगणक ती गुळगुळीत भरून टाकतो आणि वजन जातं. मधली पोझ घाला. पात्र थांबतं तिथे तीच पोझ पुढे पुन्हा की करून थांबवा. चालताना पाय घसरत असेल तर चाल एका जागी बसवून पुढे सरकवणाऱ्या मुख्य कंट्रोलची कर्व्ह लिनिअर (सरळ रेषेची) आहे का, हे बघा. गुडघा झटका देतो तो आयकेमध्ये (पाऊल हलवलं की गुडघा आपोआप वळवणाऱ्या रचनेत) पाय पुरता ताणला गेल्याने. त्या २-३ फ्रेममध्ये कंबर किंचित खाली घ्या.