सुब्जोंक्तिफ पासे: मुख्य वाक्य भूतकाळात आहे म्हणून हा लागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डेल्फ बी-टू या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या सरावात तुम्ही 'ज व्हुले क त्यू स्वा व्हन्यू' असं लिहिलंत, म्हणायचं होतं 'तू यावंस अशी माझी इच्छा होती', आणि सरांनी ते कापून 'क त्यू व्हिएन' केलं. 'व्हुले' भूतकाळ आहे तर पुढचंही भूतकाळात का नाही, असं तुम्ही विचारताय. शिवाय आव्हवार कधी नि एत्र कधी (ही दोन सहायक क्रियापदं), आणि शेवटी ते ईमेलमधलं 'जेस्पेर क व्हुझेये रस्यू मों मेसाज' (तुम्हाला माझा निरोप मिळाला असेल अशी आशा आहे) बरोबर आहे का. तिन्हींचं लिहिते, लांबेल जरा. उच्चार देवनागरीत देतेय, स्पेलिंगची भानगड जिथे आहे तिथे अक्षरं सांगेन.

आधी मूळ मुद्दा. सरांचं बरोबर आहे. सुब्जोंक्तिफ म्हणजे इच्छा, भावना, शंका वगैरेंमागे 'क' (की) नंतर येणारं क्रियापदाचं रूप. नावात 'पासे' (भूतकाळ) आहे म्हणून गोंधळ होतो, पण सुब्जोंक्तिफ पासे लावताना आज-काल-परवा बघायचंच नसतं, मुख्य क्रियापद ज्या क्षणाचं आहे त्या क्षणी (किंवा वाक्यात वेगळी वेळ दिली असेल तर त्या वेळेपर्यंत) 'क' नंतरचं काम उरकलेलं होतं का, इतकंच बघायचं. उरकलेलं असेल तर पासे. चालू असेल किंवा अजून व्हायचं असेल तर साधा प्रेझाँ (वर्तमानाचं रूप), मग मुख्य वाक्य कुठल्या का काळात असेना.

एकच वाक्य चार प्रकारे घ्या आणि मोठ्याने म्हणून बघा. 'एल ए कोंतांत किल व्हिएन': तो येणारे म्हणून ती खूश आहे. 'एल ए कोंतांत किल स्वा व्हन्यू': तो आला म्हणून ती खूश आहे. आता मुख्य वाक्य मागे ढकला. 'एल एते कोंतांत किल व्हिएन': तो येणार होता म्हणून ती खूश होती. 'एल एते कोंतांत किल स्वा व्हन्यू': तो आला होता म्हणून ती खूश होती. बघा, 'ए' चं 'एते' झालं तरी पुढचा भाग जागचा हललेला नाही. 'व्हिएन' म्हणजे अजून आलेला नाही, 'स्वा व्हन्यू' म्हणजे येऊन झालं, बास. तुमच्या वाक्यात इच्छा आहे आणि इच्छा नेहमी पुढच्या गोष्टीची असते, तुम्ही इच्छा केलीत तेव्हा तो माणूस अजून यायचाच होता, म्हणून 'व्हिएन'.

उलट बाजूही बघा म्हणजे पक्कं होईल. 'इल फो क त्यू ए फिनी आव्हां मिदी', म्हणजे बाराच्या आत तुझं संपलेलं असायला हवं. बारा अजून वाजायचेत, सगळं भविष्यातलं आहे, तरी सुब्जोंक्तिफ पासे, कारण बारा वाजतील तेव्हा काम झालेलं हवंय. आपल्या 'संपलेलं असायला हवं' मध्येही तेच घडतं की, रूप झालेल्या कामाचं आणि वेळ पुढची. मराठीत हे आपण विचार न करता रोज बोलतो, त्यामुळे अडलात तर वाक्य आधी मराठीत म्हणा आणि तिथे 'झालेलं', 'आलेला', 'संपलेलं' नैसर्गिकपणे येतंय का ते बघा.

मुख्य वाक्य भूतकाळात गेलं की पुढचंही जायला हवं हा जो तुमचा अंदाज आहे, तो अगदीच हवेतला नाही बरं का. जुन्या फ्रेंचमध्ये तसा नियम होताच, त्यासाठी सुब्जोंक्तिफचा अँपार्फे आणि प्ल्यू-क-पार्फे असे दोन वेगळे काळ होते, 'किल व्हँ' (शेवटी एन आणि टी, आयवर टोपी) वगैरे. जुन्या कादंबऱ्यांत ते पानोपानी भेटतात. बोलण्यातून ते केव्हाच गेले, आणि १९७६ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने परीक्षांसाठी व्याकरणातल्या सवलतींचा आदेश काढला त्यात भूतकाळी मुख्य वाक्यानंतर साधा सुब्जोंक्तिफ प्रेझाँ चालेल असं स्पष्टच म्हटलंय. तेव्हा ते दोन काळ वाचताना ओळखता आले की पुरे, लिहायच्या फंदात पडू नका.

आता बनवायचं कसं. पासे कोंपोझे, म्हणजे रोजच्या बोलण्यातला भूतकाळ, येतो ना तुम्हाला? मग ऐंशी टक्के काम झालंय. तेच वाक्य घ्यायचं आणि फक्त आव्हवार किंवा एत्र यांना सुब्जोंक्तिफमध्ये टाकायचं, बाकी काहीही हलवायचं नाही. 'इल आ पार्ले' (तो बोलला) चं 'किल ए पार्ले', 'एल ए पार्ती' (ती निघाली) चं 'केल स्वा पार्ती'. नकार असेल तरी नकाराचे 'न' आणि 'पा' होते तिथेच. म्हणून आव्हवार की एत्र हा वेगळा प्रश्नच नाही, पासे कोंपोझेत जे लागतं तेच इथे: आले, व्हनीर, आरिव्हे, पार्तीर, सोर्तीर, नेत्र, मूरीर, रेस्ते, तोंबे (जाणं, येणं, पोचणं, निघणं, बाहेर पडणं, जन्मणं, मरणं, राहणं, पडणं) ही मंडळी आणि 'स' (स्वतःला, एकमेकांना) वाली सगळी क्रियापदं एत्रकडे, बाकी बहुतेक सगळी आव्हवारकडे.

कानाला हे फार सोपं आहे. आव्हवारची तीनच रूपं ऐकू येतात: ए, एयों, एये. एत्रचीही तीनच: स्वा, स्वायों, स्वाये. मार्क जातात ते लिहिताना. 'ज' (मी) बरोबर ए-आय-ई, 'त्यू' (तू) बरोबर ए-आय-ई-एस, 'इल' (तो) बरोबर ए-आय-टी, आणि अनेकवचनी 'इल' ला ए-आय-ई-एन-टी. सगळ्यांचा उच्चार 'ए', आणि गंमत म्हणजे एत्रच्या साध्या वर्तमानातला 'इल ए' (ई-एस-टी) पण तसाच ऐकू येतो, त्यामुळे घाईत 'किल ए पार्ले' मध्ये ई-एस-टी लिहून टाकलेलं मी कितीतरी वह्यांमध्ये बघते. यावर उपाय एकच, मनात 'नु' (आम्ही) लावून बघा. 'एयों' आलं की आव्हवार, 'स्वायों' किंवा 'सोम' आलं की एत्र. आणि एयों-एये मध्ये वाय नंतर आय घालू नका, ए-वाय-ओ-एन-एस, ए-वाय-ई-झेड, संपलं.

पार्तिसिपचं, म्हणजे आव्हवार-एत्रनंतर येणाऱ्या 'व्हन्यू', 'पार्ले' अशा रूपाचं, लिंगवचन हा भाग मात्र मला मनापासून आवडतो, कारण मराठी माणसाला तो आतून कळतो. एत्रवाल्यांत कर्त्याप्रमाणे बदल, आपल्या आला-आली-आले सारखाच. 'केल स्वा व्हन्यू' मध्ये शेवटी जादा ई, ऐकू येत नाही पण लिहायचा. आव्हवारवाल्यांत कर्त्याकडे ढुंकून बघायचं नाही, कर्माकडे बघायचं, जसं आपण 'त्याने पत्र लिहिलं, त्याने पत्रं लिहिली' म्हणतो, फरक इतकाच की फ्रेंचमध्ये कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. 'ज दूत किल ए एक्री से लेत्र', त्याने ही पत्रं लिहिली याची मला शंका आहे, इथे पत्रं क्रियापदानंतर आहेत, काही बदल नाही. 'से ले प्ल्यू बेल लेत्र किल ए एक्रित', त्याने लिहिलेली सगळ्यात सुंदर पत्रं, इथे पत्रं क्रियापदाच्या आधी येऊन बसली म्हणून 'एक्री' चं 'एक्रित' झालं, आणि तो 'त' चक्क ऐकू येतो. 'स' वाल्यांत जरा सांभाळून: 'केल स स्वा लव्हे' मध्ये जादा ई येतो, पण 'किल स स्वा पार्ले', म्हणजे ते एकमेकांशी बोलले, यात अनेकवचन असूनही पार्ले तसंच राहतं कारण 'शी' आहे, 'ला' नाही.

आता कुठे लावायचा. सुब्जोंक्तिफ मागणारं जे काही तुम्ही शिकलात, आनंद, खंत, शंका, शक्यता, 'बियँ क' (जरी), सगळ्यांमागे तो येऊ शकतो. 'बियँ किल ए प्ल्यू', पाऊस पडून गेला असला तरी. 'न पार पा आव्हां किल ए फिनी', त्याचं होईपर्यंत निघू नकोस. बी-टूच्या लेखीत एका तासात किमान २५० शब्दांचं लिखाण असतं आणि बरेचदा ते कुणाला तरी लिहिलेलं औपचारिक पत्र असतं, तिथे 'ज रग्रेत क ला मेरी ने पा कोंस्यूल्ते लेझाबितां' असं एक वाक्य, म्हणजे नगरपालिकेने रहिवाशांना विचारलं नाही याची खंत वाटते, अगदी सहज बसतं. अशी एक-दोन वाक्यं पुरेत, प्रत्येक परिच्छेदात कोंबलीत की ओढूनताणून आणल्यासारखी वाटतात.

एक सापळा मात्र आहे. दोन्हीकडे कर्ता तोच असेल तर 'क' वापरायचाच नाही. 'मी पास झालो म्हणून मला आनंद झालाय' हे 'ज स्वी कोंतां क जे रेयूसी' असं नको, 'ज स्वी कोंतां दाव्हवार रेयूसी' असं हवं. मराठीत आपण दोन्हीकडे 'म्हणून' लावतो त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही, आणि तपासणाऱ्याला ते लगेच खटकतं.

'ज पांस क' (मला वाटतं की) नंतर इंदिकातिफ, म्हणजे साध्या विधानाचं रूप, पण नकार आला की सुब्जोंक्तिफ: 'ज पांस किल ए पार्ती', 'ज न पांस पा किल स्वा पार्ती'. 'आप्रे क' (झाल्यावर) नंतर नियमाने इंदिकातिफ. बोलताना खुद्द फ्रेंच लोक तिथे सर्रास सुब्जोंक्तिफ वापरतात, तुम्ही परीक्षेत वापरू नका.

आणि तुमचं ईमेल. 'एस्पेरे' म्हणजे आशा करणं, भावनाच आहे, म्हणून सुब्जोंक्तिफ लागेल असं वाटणं साहजिक आहे, पण फ्रेंच 'एस्पेरे' नंतर इंदिकातिफच घेते. म्हणून 'व्हुझेये' नाही, 'जेस्पेर क व्हुझाव्हे रस्यू मों मेसाज'. अजून पाठवलं नसेल तर तेवढा एक शब्द बदला, बाकी ते वाक्य छान आहे.