लग्न फेब्रुवारीत, ‘विवाह प्लॅन’चे पैसे सत्तेचाळिसाव्या वर्षी

प्रश्न: वय 28, नाशिकला नोकरी, हातात पगार 48 हजार. आई माझ्यावरच अवलंबून आहे. फेब्रुवारीत लग्न. उंची कमी, कंबर रुंद, म्हणून अंगाला शोभेल असं काही शोधतेय. 1 लाख 40 हजारांचा एक लेहंगा मनात भरलाय. दीड लाखाचं पर्सनल लोन काढू, की साठवलेल्या 90 हजारांतून पैठणी घेऊ? गेल्या डिसेंबरात आईच्या एफडीसाठी बँकेत गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी मला विवाह प्लॅन दिला. 60 हजारांचा दुसरा हप्ता याच महिन्यात आहे. त्यातून लग्नाला पैसे निघतील का?

उत्तर: कर्ज काढू नका. 16 टक्क्यांनी तीन वर्षं महिना सव्वापाच हजार भरायचे, त्यात 40 हजार नुसतं व्याज.

आता त्या प्लॅनचं, म्हणजे विमा पॉलिसीचं, बोलू. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. 12 वर्षं हप्ते, म्हणजे 7 लाख 20 हजार भरायचे, विसाव्या वर्षी साधारण 14 लाख. तेव्हा तुम्ही सत्तेचाळीस वर्षांच्या असाल. लग्नाला यातून काही निघणार नाही, आणि ज्यांनी हा प्लॅन विकला त्यांना हे माहीत होतं. मला याचाच संताप येतो.

‘दुप्पट’ ऐकायला छान वाटतं, पण परतावा पडतो जेमतेम 5 टक्के. उरलेले 11 हप्ते, म्हणजे 6 लाख 60 हजार, पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह खात्यात, टाकलेत तर आजच्या 7.1 टक्के दराने त्याच मुदतीत 17 लाखांच्या वर जातात. आणि विमा? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर आईला 6 लाख मिळणार. त्यात तिची किती वर्षं निघतील? 50 लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आत बसतो. तो आधी घ्या, नॉमिनी आई.

दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत केव्हाच गेली. पण 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या अशा पॉलिसींना पहिलं वर्ष पूर्ण झालं की सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. ती किती, हे कंपनीकडून लेखी मागा. ‘लग्नाला पैसे निघतील’ असं सांगून विकल्याची तक्रारही लेखीच करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत. अगदी वाईटात वाईट म्हणजे भरलेले साठ हजार जातील. ते वाचवायला आणखी साडेसहा लाख घालू नका.

राहिली साडी. येवल्याला जा, 40-45 हजारांत हातमागाची चांगली पैठणी मिळेल. पदर उलटून बघा: मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसला पाहिजे, सुटे धागे लोंबता कामा नयेत. तुमच्या उंचीला काठ अरुंद घ्या. लेहंग्याच्या कॅनकॅनने, म्हणजे घेर फुगवणाऱ्या आतल्या जाळीने, कंबर आणखी भरते. नाडीच्या परकराऐवजी अंगाबरोबर बसणारा फिशकट परकर घाला, निऱ्या चापून बसतात. ब्लाउजची ट्रायल त्याच परकरावर, लग्नातल्याच चपला घालून, तीन आठवडे आधी घ्या. उरलेले 45 हजार बँकेतच राहू द्या.